स्लग आणि शॉटगनची नळी : '१२ गेज' लिहिलंय म्हणजे सगळंच बसतं का?

बीजीएमआय खेळणाऱ्यांना हे सांगायला नको. घरात शिरलात, जमिनीवर '१२ गेज'ची लाल काडतुसं पडलेली दिसली, की उचलायची. मग हातात एस६८६ असो, एस१८९७ असो की एस१२के, तिन्हीत तीच काडतुसं चालतात. वर चोक नावाची अटॅचमेंट मिळाली तर छर्रे कमी पसरतात. संपला विषय.

खऱ्या जगात विषय इथून सुरू होतो. '१२ गेज' हा आकडा फक्त नळी किती रुंद आहे एवढंच सांगतो. काडतूस किती लांब, त्यात छर्रे आहेत की एकच मोठी गोळी, ती गोळी कोणत्या जातीची, नळी आतून गुळगुळीत की आटे पाडलेली, आणि नळीचं तोंड किती आवळलेलं, हे सगळं वेगळं बघावं लागतं. हे जुळलं नाही तर कधी नेम चुकतो, कधी नळी फुटते. चुकीचा चार्जर लावला तर फार तर फोन चार्ज होत नाही. इथे चूक झाली तर बोटं जाऊ शकतात. म्हणून आज मी शॉटगनच्या स्लगबद्दल, म्हणजे त्या एकाच मोठ्या गोळीबद्दल, आणि ती कोणत्या नळीत चालते याबद्दल सविस्तर लिहितोय.

आधी हा '१२' कुठून आला ते बघू

आपल्याकडे 'गेज' कुणी म्हणत नाही, 'बोअर' म्हणतात. बँकेच्या दारात रखवालदाराच्या खांद्यावर जी दुनळी असते ती बहुतेक वेळा बारा बोअरची. परवान्याच्या भाषेत तिला डीबीबीएल म्हणतात, म्हणजे डबल बॅरल ब्रीच लोडिंग.

हा बारा म्हणजे मिलिमीटर नाही आणि इंचही नाही. एक पौंड शिसं घ्या, त्याचे १२ सारखे गोळे करा. त्यातला एक गोळा ज्या नळीत बरोबर बसेल ती १२ बोअर. २० गोळे केले तर प्रत्येक गोळा लहान होणार, म्हणून २० बोअरची नळी १२ पेक्षा अरुंद असते. आकडा वाढला की नळी बारीक, हे उलटं गणित लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

विश्वास बसत नसेल तर फोनचा कॅल्क्युलेटर काढा. एक पौंड म्हणजे ४५३.६ ग्रॅम. भागिले १२, आले ३७.८ ग्रॅम. शिशाची घनता ११.३४, तिने भागलं की गोळ्याचं आकारमान ३.३३ घन सेंटिमीटर. त्याला ६ ने गुणा, ३.१४१६ ने भागा, आणि आलेल्या ६.३७ चं घनमूळ काढा. उत्तर १.८५ सेंटिमीटर. १२ बोअरच्या नळीचा व्यास कुठेही बघा, १८.५ मिलिमीटरच लिहिलेला असतो. तसंच गणित केलं तर २० बोअर येते १५.६ मिलिमीटर. अपवाद फक्त .४१० चा, तो थेट इंचातला व्यास आहे.

छर्रे आणि स्लग

शॉटगनचं नेहमीचं काडतूस म्हणजे छर्र्यांची पुडी. पक्ष्यांसाठी मोहरीपासून वाटाण्यापर्यंतच्या आकाराचे शेकडो बारीक छर्रे, मोठ्या जनावरासाठी मोजकेच मोठे. अमेरिकेत ज्याला डबल-ऑट बक म्हणतात त्या साध्या काडतुसात ८.४ मिलिमीटरचे ९ छर्रे असतात. नळीतून बाहेर पडले की ते पसरत जातात.

स्लगमध्ये या सगळ्यांच्या जागी एकच गोळी. १२ बोअरचा नेहमीचा स्लग एक औंसाचा, म्हणजे सुमारे २८ ग्रॅमचा असतो आणि नळीतून साधारण सेकंदाला ४९० मीटर वेगाने निघतो. ऊर्जा काढली तर ३,४०० ज्यूलच्या आसपास येते. तुलनेसाठी, १५६ ग्रॅमचा क्रिकेटचा चेंडू ताशी १५० किलोमीटरने आला तर त्यात १३५ ज्यूल असतात. म्हणजे साधारण पंचवीस पट! आणि तीसुद्धा दोन सेंटिमीटरहून कमी रुंदीच्या जागेवर.

आता अडचण काय, तर शॉटगनची नळी मुळात छर्र्यांसाठी बनलेली आहे, त्यामुळे ती आतून काचेसारखी गुळगुळीत असते. रायफलच्या नळीत आत पिळाचे आटे असतात. ते गोळीला भोवऱ्यासारखं फिरवतात, आणि फिरणारी वस्तू तोल सांभाळते. गुळगुळीत नळीतून निघालेल्या लांबट गोळीला असं कुणी फिरवत नाही. हवेचा दाब तिच्या नाकावर बसतो आणि ती कोलांट्या खायला लागते.

मग सरळ गोल गोळा टाकला तर? गोळ्याला ना नाक ना शेपूट, त्यामुळे कोलांटीचा प्रश्नच नाही. जुन्या काळी हेच करायचे. पण गोळा नळीत अडकू नये म्हणून किंचित लहान ठेवावा लागतो. तो आत इकडेतिकडे आपटत निघतो आणि निघताना कुठल्या तरी भलत्याच दिशेने फिरकी घेतो. हवेत फिरणारा चेंडू वळतो हे क्रिकेट बघणाऱ्याला समजावून सांगायला नको. फरक इतकाच, की इथे गोलंदाजालाही माहीत नसतं चेंडू कुठे वळणार.

तेव्हा गोळी सरळ ठेवायचे दोनच मार्ग उरतात. एक तर तिला शेपटी द्या, नाहीतर तिला फिरकी द्या. कुठलाही स्लग हातात आला तर मी आधी एवढंच विचारीन : याचा तोल शेपटीवर आहे की फिरकीवर? त्याच्या उत्तरावरून नळी ठरते.

शेपटीवाले स्लग : ब्रेनेके आणि फॉस्टर

बॅडमिंटनचं शटल आठवा. कसंही मारा, उलटं मारा, एका क्षणात ते बूच पुढे करून सरळ होतं. कारण वजन पुढे आहे आणि हवा अडवणारी पिसं मागे.

जर्मनीत लाइपझिगच्या विल्हेल्म ब्रेनेकेने १८९८ मध्ये नेमकं हेच केलं. पुढे शिशाचा भरीव ठोकळा आणि मागे स्क्रूने पक्का बसवलेला नमद्याचा हलका डाट. इतर काडतुसांत डाट नळीबाहेर पडला की गळून पडतो, ब्रेनेकेमध्ये तो गोळीला चिकटूनच जातो. वजन पुढे, हलकी शेपटी मागे. झालं शटल.

अमेरिकेत कार्ल फॉस्टर याने १९३१ मध्ये दुसरी युक्ती काढली. मंदीचा काळ होता. लोकांकडे घरात शॉटगन असायची, पण हरणासाठी वेगळी रायफल घ्यायची ऐपत नसायची. फॉस्टरने शेपटी लावलीच नाही, गोळीच मागून पोकळ केली. अंगठ्यात घालायचं शिवणकामाचं टोपण असतं ना, तसा आकार. शिसं सगळं नाकाशी, मागे नुसती पोकळ भिंत. वजन आपोआप पुढे आलं. बनवायला सोपा, स्वस्त. अमेरिकेतल्या दुकानात साधा स्लग मागितला तर आजही बहुधा याच घराण्यातला मिळतो.

दोन्हींत काय चांगलं यावर शिकारी लोक तासन्‌तास वाद घालतात. मला ब्रेनेकेची रचना जास्त आवडते. भरीव असल्याने ती आदळल्यावर कमी चपटते आणि खोल जाते. फॉस्टर मऊ आणि पोकळ, म्हणून लवकर पसरतो. साध्या नळीतून दोन्हींचा भरवशाचा पल्ला साधारण ५० ते ७० मीटर धरतात. चांगली नळी आणि चांगली नजर असेल तर थोडा जास्त.

नावाने फसवणारा 'रायफल्ड स्लग'

आता सगळ्यात जास्त गोंधळ जिथे होतो ती गोष्ट. फॉस्टर स्लगच्या अंगावर तिरक्या खाचा असतात, आणि खोक्यावर इंग्रजीत लिहिलेलं असतं 'रायफल्ड स्लग'. वाचणाऱ्याला वाटतं, एक तर या खाचांमुळे स्लग हवेत फिरत असेल, किंवा हा आटे असलेल्या, म्हणजे रायफल्ड नळीसाठी असेल.

दोन्ही चुकीचं! खाचांमुळे तो जेमतेम फिरतो, तोल सांभाळायला ती फिरकी पुरत नाही. तोल सांभाळतं ते पुढचं वजन. आणि हा स्लग आहे गुळगुळीत नळीसाठी. थोडक्यात, गोळी रायफल्ड तर नळी साधी, आणि नळी रायफल्ड तर गोळी वेगळी. ज्याने कुणी हे नाव ठेवलं त्याने पुढच्या पिढ्यांना कामाला लावलं.

मग खाचा कशासाठी? नळीचं तोंड आवळलेलं असेल तर गोळीला तिथून जाताना थोडं चेपावं लागतं. उंचवट्यांमध्ये रिकामी जागा असली की शिसं त्या जागेत सरकतं आणि नळीवर ताण कमी येतो. ब्रेनेकेच्या अंगावरच्या धारांचंही मुख्य काम हेच. दोन्ही हातात पिशव्या घेऊन मुंबईच्या लोकलमधून उतरताना माणूस अंग चोरतो, तसंच काहीसं.

फिरकीवाले स्लग, आणि एक पॅराडॉक्स

शॉटगनच्या नळीत आटे पाडायची कल्पना नवी नाही, आणि तिचा भारताशी थेट संबंध आहे. जॉर्ज व्हिन्सेंट फॉस्बेरी नावाचा ब्रिटिश अधिकारी भारतातल्या फौजेत होता. वायव्य सरहद्दीवरच्या अंबेला मोहिमेत १८६३ मध्ये त्याने केलेल्या कामगिरीसाठी त्याला व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला होता. त्याने १८८५ मध्ये पेटंट घेतलं ते अशा नळीचं, जी जवळजवळ सगळी गुळगुळीत आणि फक्त तोंडाजवळच्या काही इंचांत आटे असलेली. छर्रे घातले तर त्याच बंदुकीने पक्षी मारता येत, आणि गोळी घातली तर शेवटच्या इंचांत तिला फिरकी मिळे. लंडनच्या हॉलंड अँड हॉलंडने ती बनवली आणि नाव ठेवलं 'पॅराडॉक्स', म्हणजे विरोधाभास. ब्रिटिश अमलातल्या भारतात फिरणाऱ्या साहेबाला तितर आणि वाघ दोन्हींसाठी एकच बंदूक हवी असायची, त्यामुळे ती इथे चांगलीच खपली.

पुढे अमेरिकेत अख्खी नळी आतून आटे पाडलेली अशा शॉटगन आल्या, आणि त्यांच्यासाठी सॅबो स्लग आला. 'सॅबो' हा मूळ फ्रेंच शब्द, अर्थ लाकडी खडाव. इथे खडाव म्हणजे प्लास्टिकचं कवच. आत गोळी असते बारीक, १२ बोअरच्या काडतुसात बऱ्याचदा १२.७ मिलिमीटरच्या आसपास, तिच्याभोवती दोन किंवा जास्त पाकळ्यांचं प्लास्टिक. नळीतले आटे प्लास्टिकला धरतात आणि फिरवतात, प्लास्टिक आतल्या गोळीला फिरवतं. बाहेर पडल्याबरोबर पाकळ्या उघडून गळतात आणि गोळी एकटी पुढे जाते.

फिरकी किती? आट्यांचा एक पूर्ण पीळ साधारण २८ ते ३५ इंचांत होतो. २८ इंच म्हणजे ७१ सेंटिमीटर. गोळीचा वेग सेकंदाला ५०० मीटर धरला तर सेकंदाला सुमारे ७०० फेरे, मिनिटाला ४२ हजार. चांगल्या फिरकी गोलंदाजाचा चेंडू मिनिटाला दोन-अडीच हजार फेरे घेतो. बारीक, लांबट आणि वेगाने फिरणारी ही गोळी शंभर-सव्वाशे मीटरपर्यंत नेमकी जाते. अर्थात महागही असते.

जोड चुकली तर

सॅबो स्लग साध्या नळीतून झाडला तर धरायला आटेच नाहीत, म्हणून फिरकी नाही. आणि गोळीला शेपटीही नाही, कारण ती फिरकीच्या भरवशावर बनवलेली. परिणाम असा की गोळी हवेत कोलांट्या खाते, आणि कागदी निशाणावर गोल भोकाऐवजी आडवं, किल्लीच्या भोकासारखं छिद्र पडतं. तीस मीटरवरसुद्धा नेम धरता येत नाही. बंदुकीला सहसा काही होत नाही, पण गोळी कुठे जाईल याचा भरवसा नाही, आणि माझ्या मते हेच जास्त भयंकर.

उलट, फॉस्टर स्लग आट्यांच्या नळीतून झाडला तर फुटत वगैरे काही नाही. पण त्याचं मऊ शिसं आट्यांत घासून बसतं. काही बारांनंतर खाचा शिशाने भरतात, नेम बिघडतो आणि नळी साफ करताना जीव नकोसा होतो. आणि आट्यांच्या नळीतून बारीक छर्रे झाडले तर? छर्र्यांचा घोळका फिरत बाहेर पडतो आणि बाहेरच्या बाजूला फेकला जातो. निशाणावर मेदूवड्यासारखा नक्षा उमटतो, मध्ये भोक!

चोक : गेममधला आणि खरा

गेममधला चोक ही तोंडावर लावायची चकती. खरा चोक म्हणजे नळीच्या शेवटच्या भागात केलेली किंचित चिंचोळी जागा. काही नळ्यांत ती कायमची असते, नव्या बंदुकांत बदलता येणारी नळकांडी मिळतात. 'सिलिंडर' म्हणजे अजिबात आवळलेला नाही. 'इम्प्रूव्ह्ड सिलिंडर' सुमारे पाव मिलिमीटर, 'मॉडिफाइड' अर्धा मिलिमीटर, 'फुल' जवळजवळ एक मिलिमीटर. ऐकायला किरकोळ, पण छर्र्यांच्या पसरण्यात याने मोठा फरक पडतो.

छर्रे एकमेकांवर सरकून त्या चिंचोळ्या जागेतून निघतात. एक अखंड गोळी कशी सरकणार? मऊ फॉस्टर आणि धारांचा ब्रेनेके चेपून जातात, तशीच त्यांची रचना आहे. तरीही बहुतेक कंपन्या सिलिंडर किंवा इम्प्रूव्ह्ड सिलिंडरच सुचवतात, कारण जास्त चेपलेला स्लग नीट उडत नाही. पितळ किंवा तांब्याची कडक गोळी, किंवा बोअरच्या मापाचा भरीव गोळा आवळलेल्या तोंडातून घालवणं म्हणजे नळीचं तोंड फुगवून घेणं.

ही समज जुनी आहे. १८७० च्या दशकात इंग्लंडमध्ये चोक लोकप्रिय झाला तेव्हा लोक सवयीने त्याच नळीतून गोल गोळे झाडायला लागले. तिथे प्रत्येक नळी सरकारमान्य चाचणीघरात जास्त दारू भरून तपासावी लागे आणि मग तिच्यावर शिक्के उमटत. १८७५ पासून चोक असलेल्या नळ्यांवर एक जादा शिक्का मारायला लागले : 'नॉट फॉर बॉल'. गोळ्यासाठी नाही. १८८७ नंतर त्याऐवजी नुसतं 'चोक' लिहू लागले. आज फोनच्या डब्यावर असतो तसा कंपॅटिबिलिटीचा इशारा, दीडशे वर्षांपूर्वी थेट लोखंडात कोरलेला.

चेंबरची लांबी : डोळ्यांना न दिसणारी चूक

या लेखातलं एकच लक्षात ठेवायचं असेल तर हे ठेवा. काडतूस जिथे बसतं त्या मागच्या भागाला चेंबर म्हणतात. १२ बोअरमध्ये ते वेगवेगळ्या लांबीचं असतं : जुन्या इंग्लिश बंदुकांत अडीच इंची, म्हणजे ६५ मिलिमीटरचं, नंतरच्या बंदुकांत ७० चं, मॅग्नममध्ये ७६ किंवा ८९ चं.

कुणीही म्हणेल, लांब काडतूस आखूड चेंबरमध्ये बसणारच नाही, मग भीती कसली? इथेच गंमत आहे, आणि गंमत जीवघेणी आहे. काडतुसावर लिहिलेली लांबी ते उडाल्यानंतरची असते. उडण्याआधी त्याचं तोंड घडी घालून बंद केलेलं असतं, त्यामुळे ते बरंच आखूड दिसतं. ७६ मिलिमीटरचं काडतूस ७० च्या चेंबरमध्ये छान बसतं. बंदूक व्यवस्थित बंद होते. काही चुकलंय अशी शंकासुद्धा येत नाही.

घोडा दाबला की घडी उलगडते. पण उलगडायला पुढे जागा नसते. चेंबर संपून नळी सुरू होते तिथे एक उतार असतो, काडतुसाचं तोंड त्या उतारात घुसतं आणि वाट अरुंद करतं. डाट आणि गोळीला त्या अरुंद वाटेतून जायचंय, मागे दारू पेटलेली. दाब एकदम चढतो. युरोपात १२/७० च्या साध्या काडतुसासाठी दाबाची कमाल मर्यादा ७४० बार आहे. घरातला कुकर शिट्टी देतो तेव्हा आतला दाब बाहेरच्यापेक्षा साधारण एक बार जास्त असतो. यावरून अंदाज घ्या. आधीच एवढ्या दाबावर काम करणाऱ्या नळीला अजून ताण दिला तर एखादी निभावून नेते, एखादी नाही.

जुनी 'दमास्कस' नळी असेल तर विचारच नको. लोखंड आणि पोलादाच्या पट्ट्या पिळून, एका दांड्यावर गुंडाळून, तापवून जोडलेल्या या नळ्यांवर पाण्याच्या लाटांसारखी नक्षी दिसते. दिसायला अप्रतिम, पण त्या काळ्या दारूच्या जमान्यातल्या. आणि प्रत्येक वेटोळ्याला एक जोड आहे, जो आतून शंभर वर्षं गंजत आलेला असू शकतो.

दुसरी न दिसणारी चूक म्हणजे १२ च्या बंदुकीत २० चं काडतूस. २० ची मागची कड सुमारे १९.४ मिलिमीटर. १२ चं चेंबर त्याहून रुंद, म्हणून काडतूस आत घसरतं. पण नळी १८.५ ची, म्हणून उतारापाशी अडकतं. बंदूक उघडून बघितली तर चेंबर रिकामं वाटतं. माणूस म्हणतो, घालायचं राहिलं वाटतं, आणि मागून १२ चं काडतूस घालतो. ते व्यवस्थित बसतं. पुढे बूच बसलेल्या नळीत स्फोट होतो, तोही बरोबर डाव्या हाताची पकड असते तिथे. म्हणूनच अमेरिकेत २० ची काडतुसं पिवळ्या रंगाची ठेवायची रीत आहे, इतर मापांसाठी तो रंग टाळतात. एक रंग ठरवल्याने किती हात वाचले असतील!

रायफल असताना स्लग हवाच कशाला?

अमेरिकेच्या सपाट, दाट वस्तीच्या राज्यांत हरणाच्या शिकारीसाठी रायफलवर बंदी घालण्याची जुनी पद्धत आहे. रायफलची गोळी काही किलोमीटर जाऊ शकते, स्लग जाड आणि बोथट असल्याने लवकर दमतो, असा हिशेब. ओहायो, आयोवा, इलिनॉय ही नावं यात नेहमी येतात. सॅबो आणि आट्यांच्या नळ्यांचा बाजार याच नियमामुळे फुलला. ओहायोने २०१४ मध्ये आणि आयोवाने २०१७ मध्ये सरळ भिंतीच्या काडतुसांच्या काही रायफलींना परवानगी दिली, तेव्हापासून स्लगची गरज तिथे कमी होत चालली आहे.

गंमत म्हणजे तो हिशेब पूर्ण खरा नाही. पेनसिल्व्हेनियासाठी २००७ मध्ये केलेल्या एका अभ्यासात निघालं की बंदूक वर रोखलेली असेल तर रायफलचीच गोळी लांब जाते, पण जमिनीला समांतर झाडली तर स्लग आपटून उसळतो आणि त्याने धोक्यात येणारा भाग रायफलपेक्षा मोठा असू शकतो. रायफलची गोळी आपटल्यावर जास्त ऊर्जा गमावते, स्लग टप्पा खाऊन पुढे जातो.

आपल्याकडे

पुण्याची खडकी तुम्हाला माहीत असेल. तिथला दारूगोळा कारखाना १८६९ पासूनचा, आज तो म्युनिशन्स इंडिया लिमिटेडचा भाग आहे. बारा बोअरची काडतुसं तिथे बनतात, आणि ६५ व ७० मिलिमीटर अशा दोन्ही लांबींची बनत आली आहेत, कारण देशात जुन्या आखूड चेंबरच्या बंदुका खूप आहेत. काडतुसाच्या पितळी बुडावर 'केएफ' ही अक्षरं दिसली तर ती 'किर्की फॅक्टरी'ची, म्हणजे खडकीचीच.

कोकणात आणि गोव्यात शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर एकनळी बंदुका बऱ्याच घरांत आहेत. निवडणूक आली की त्या पोलीस ठाण्यात जमा करायच्या, आणि नेमकं त्याच काळात रानडुकरं शेतात उतरतात ही तिथली दरवेळची तक्रार. पण बंदूक आहे म्हणजे शिकार करता येते असं मुळीच नाही. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकारीवर बंदी आहे. पिकाची नासधूस करणाऱ्या ठरावीक प्राण्यांसाठीसुद्धा वनखात्याची परवानगी आधी लागते.

आणि शस्त्र कायदा १९५९ फक्त बंदुकीला लागू होत नाही, काडतुसालाही होतो. परवाना नसताना एक जिवंत काडतूस खिशात सापडलं तरी गुन्हा. विमानतळावर बॅगेच्या कप्प्यात जुनं, विसरलेलं काडतूस निघालं आणि माणूस पोलीस ठाण्यात बसला, अशा बातम्या तुम्ही वाचल्या असतील. आजोबांच्या पेटीत असं काही दिसलं तर ते हलवू नका, घासूनपुसून बघू नका, घरातल्या परवानाधारकाला किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला सांगा. जुन्या दारूचं वागणं सांगता येत नाही.

ज्यांच्या घरात परवान्याची बंदूक वारशाने आलेली आहे त्यांच्यासाठी एक कामाची गोष्ट. परवान्यावर बंदुकीचा प्रकार, तिचा क्रमांक आणि वर्षाला किती काडतुसं घेता येतील तो आकडा असतो. चेंबर किती लांब आणि चोक किती हे नळीच्या बुडाशी, बंदूक मोडून उघडल्यावर दिसणाऱ्या सपाट भागावर शिक्क्यांमध्ये लिहिलेलं असतं. ते शिक्के झिजून पुसले असतील तर परवानाधारक शस्त्र दुरुस्ती करणाऱ्याकडून माप घेतल्याशिवाय त्या बंदुकीत कुठलंही काडतूस घालू नये, मग खोक्यावर १२ लिहिलेलं का असेना.